उपग्रहाच्या कामात उतरण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

सरकारी संस्थेची परीक्षा द्यावी की खासगी कंपनीत जावं, आणि रॉकेटकडे वळावं की उपग्रहाकडे, असे दोन प्रश्न तू विचारलेस. दोन्हींचं उत्तर एकाच गोष्टीत आहे: या क्षेत्रात अपयशाचे पैसे आता कोण भरतं? ते नीट समजलं की कुठल्या कामाला किंमत आहे हे तुझं तुलाच दिसेल.

अमेरिकेत अनेक दशकं मोठी अंतराळयानं ‘झालेला खर्च अधिक ठरावीक नफा’ या कराराने बनली. काम रखडलं तरी बिल सरकारच भरायचं. २००६ मध्ये नासाने अंतराळ स्थानकाकडे माल नेण्यासाठी वेगळी रीत धरली. टप्पे ठरवले, प्रत्येक टप्प्याची रक्कम ठरवली, आणि काम करून दाखवलं तरच पैसे. २०११ मध्ये नासानेच हिशेब मांडला, तेव्हा स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन ९ रॉकेट जुन्या पद्धतीने विकसित करायला १.७ ते ४ अब्ज डॉलर लागले असते असं निघालं. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च होता सुमारे ३० कोटी डॉलर. डिसेंबर २०१५ मध्ये त्या रॉकेटचा पहिला टप्पा जमिनीवर सुखरूप उतरला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. पैसे वाचले हे सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठा फायदा असा की उडून आलेलं इंजिन उघडून बघता येऊ लागलं. कुठलं सील झिजलं, कुठे काजळी धरली, कुठे तडा गेला, हे आधी समुद्राच्या तळाशी जायचं आणि टेलिमेट्रीवरून, म्हणजे उडताना रॉकेटने पाठवलेल्या मोजमापांवरून, अंदाज बांधावा लागायचा.

पण ठरलेल्या किमतीचा करार अंगाशीही येतो. २०१४ मध्ये माणसं नेण्यासाठी नासाने बोइंगला ४.२ आणि स्पेसएक्सला २.६ अब्ज डॉलरचं काम दिलं. बोइंगचं स्टारलायनर माणसं घेऊन उडालं ते जून २०२४ मध्ये, आणि स्थानकाजवळ पोचताना त्याचे थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडू लागले. हे थ्रस्टर बंदिस्त कोनाड्यांत दाटीवाटीने बसवलेले. वारंवार पेटवल्यावर आतली उष्णता साठते. जमिनीवरच्या चाचणीत दिसलं की त्या उष्णतेने व्हॉल्व्हमधलं टेफ्लॉनचं सील फुगतं आणि ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची) वाट अडते. दोन्ही अंतराळवीर मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून परतले. बोइंगला या कार्यक्रमात दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला.

चंद्रावर माल पोचवण्याच्या खासगी मोहिमांतही तेच. जानेवारी २०२४ मध्ये पेरेग्रीन यानातला हीलियम आणि ऑक्सिडायझर यांच्यामधला एक व्हॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा घट्ट बसला नाही. दाब वाढून टाकी फुटली आणि यान चंद्रापर्यंत गेलंच नाही. पुढच्याच महिन्यात ओडिसियस हे दुसरं यान चंद्रावर उतरलं, पण त्याच्या लेझर उंचीमापकाचा सुरक्षा-स्विच उड्डाणापूर्वी जमिनीवरच काढायचा राहून गेला होता. नेमकी उंची कळेना, त्यामुळे यान टेकताना कलंडलं. मार्च २०२५ मध्ये ब्लू घोस्ट हे यान मात्र सरळ उभं उतरलं आणि चंद्रावरचा अख्खा दिवस, म्हणजे आपले चौदा दिवस, त्याने काम केलं. एकीकडे व्हॉल्व्ह, दुसरीकडे न काढलेला स्विच. खासगी कंपनी अशाच गोष्टींवर बुडते, म्हणून त्या आधीच पकडणारा माणूस तिला हवा असतो. रॉकेट सोडणाऱ्या कंपन्या मोजक्याच राहतील. उपग्रह, त्यांचे सुटे भाग आणि चाचण्या यांचं काम कितीतरी पसरेल. इलेक्ट्रॉनिक्स हा तुझा विषय आहे, तेव्हा उपग्रह निवड आणि त्यातही चाचणीचं टेबल निवड.

आता टेबलावरचं सांगतो. स्वस्त उपग्रहात बाजारात मिळणाऱ्या चिप वापरतात. अशा चिपमधून एखादा जड भारित कण गेला की वीज-लाइन आणि ग्राउंड यांच्यामध्ये आडवाट उघडते. प्रवाह चढत जातो आणि वीज तोडली नाही तर चिप जळते. याला लॅच-अप म्हणतात. उपाय सगळ्यांना माहीत असतो: प्रत्येक वीज-लाइनवर प्रवाह मर्यादित करणारा स्विच, प्रवाह ठरावीक पातळीपलीकडे गेला की वीज बंद, थोड्या वेळाने पुन्हा चालू. चुका होतात त्या बारकाव्यांत. पातळी खोलीच्या तापमानाला मोजून ठरवली जाते. मग थंडीत बोर्ड सुरू होताना कपॅसिटर भरण्यासाठी जो झटका लागतो त्यानेच स्विच पडतो, आणि बोर्ड चालू-बंद, चालू-बंद करत बसतो. याला घाबरून पातळी फार वर ठेवली, तर लहान लॅच-अप तिच्याखाली लपून राहतो आणि चिप हळूहळू भाजत राहते. म्हणून बोर्डाचा प्रवाह थंड, साधारण आणि गरम अशा तिन्ही तापमानांना, सुरुवातीच्या झटक्यासकट ऑसिलोस्कोपवर नोंदव आणि मगच आकडा ठरव.

आणखी एक फसवा प्रकार आहे. वीज-लाइन तोडली तरी शेजारच्या चालू चिपकडून येणाऱ्या सिग्नल-तारांमधून, पिनांवरच्या संरक्षक डायोडमार्गे, थोडी वीज आत झिरपत राहते. स्विच ‘बंद’ दाखवतो आणि चिप पुरती बंद होतच नाही, त्यामुळे लॅच-अप सुटत नाही. खात्री करायची तर स्विच पाडून चिपच्या वीज-पिनवरचा व्होल्टेज मोज. तो शून्याजवळ आला नाही तर सिग्नल-तारांवरही वेगळे स्विच किंवा बफर लागतील. हे मोजमाप दहा मिनिटांचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

उष्णतेचंही तसंच. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर उपग्रह साधारण ९५ मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार वेळा ऊन आणि सावली. सोल्डरचे सांधे या ताण-सैलाने थकतात. शिवाय निर्वातात हवा नसते, त्यामुळे टेबलावर गार राहणारा रेग्युलेटर तिथे तापतो. उष्णता मुख्यतः तांब्याच्या थरातून, स्क्रूतून आणि सांगाड्यातून बाहेर जाऊ शकते. म्हणून निर्वात कक्षात तापवून-गार करून बघण्याच्या थर्मो-व्हॅक चाचणीला पर्याय नाही. नुसत्या ओव्हनमध्ये तापवून समाधान मानू नकोस. चिकटपट्टी, गोंद, वायरचं आवरण हेसुद्धा तपासून घे. निर्वातात वस्तुमानाची घट एक टक्क्याहून कमी आणि पुन्हा साचणारा अंश ०.१ टक्क्याहून कमी, ही प्रचलित मर्यादा आहे. ती न पाळणारा गोंद कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतो.

पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह जून २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला. वजन जेमतेम किलोभर, आणि दिशा धरायला साधा कायम चुंबक. तुझ्या कॉलेजात असा गट असेल तर आजच त्यात जा. नसेल तर फुग्यावरून पाठवायच्या छोट्या उपकरणापासून सुरुवात कर.

आता संरक्षणाकडे येतो, कारण तू बनवलेला बोर्ड तिकडे जाऊ शकतो. २४ फेब्रुवारी २०२२ ला, युक्रेनवर आक्रमण झालं त्याच पहाटे, व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या उपग्रह-इंटरनेटच्या जाळ्यावर सायबर हल्ला झाला. उपग्रहाला कुणी हातही लावला नाही. हल्लेखोर व्हीपीएनच्या चुकीच्या मांडणीतून जाळ्याच्या व्यवस्थापन-यंत्रणेत घुसले आणि तिथून हजारो मोडेमची मेमरी पुसली. जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांवरचं दूरनियंत्रणही त्यात गेलं. खासगी उपग्रह-सेवा युद्धाच्या रणांगणात असते हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. त्यामुळे उपग्रह कितीही छोटा असो, टेलिकमांड, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाला जाणारे आदेश, साध्या मजकुरात पाठवू नकोस. प्रत्येक आदेशावर ओळख पटवणारा शिक्का हवा, आणि जुना आदेश रेकॉर्ड करून पुन्हा पाठवला तर उपग्रहाने तो नाकारावा म्हणून वाढता क्रमांक हवा. हा क्रमांक रीसेटनंतरही टिकला पाहिजे. तो फक्त रॅममध्ये ठेवला तर पहिल्याच लॅच-अपनंतर शून्यावर येतो आणि रेकॉर्ड केलेले जुने आदेशही उपग्रह पुन्हा स्वीकारू शकतो.

सैन्याची विचारसरणीही बदलली आहे. थोडे, प्रचंड महाग उपग्रह पाडायला सोपे. शेकडो छोटे असतील तर पाचदहा गेल्याने काम थांबत नाही. अमेरिकेची स्पेस डेव्हलपमेंट एजन्सी अशीच जाळी उभारते आहे. तिथे उशीर झाला तो रॉकेटमुळे नव्हे, लेझर-दुवा जोडणारी उपकरणं आणि सांकेतिकीकरणाची यंत्रं वेळेवर मिळाली नाहीत म्हणून. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकी सैन्याच्या ‘व्हिक्टस नॉक्स’ मोहिमेत फायरफ्लाय कंपनीच्या अल्फा रॉकेटने प्रक्षेपणाचा आदेश मिळाल्यापासून २७ तासांत उपग्रह वर नेला. हे जमतं ते उपग्रह आधीच तपासून गोदामात तयार असतो म्हणून. तो महिनोन्‌महिने पडून राहिला तरी बॅटरी, सील आणि सॉफ्टवेअर शाबूत आहेत याची हमी देणं हे स्वतंत्र काम आहे आणि ते शिकलेले लोक फार कमी आहेत.

आपल्याकडे २०२० मध्ये खासगी कंपन्यांना अंतराळ कामाची परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था जाहीर झाली, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये टेहळणीसाठी ५२ उपग्रहांना मंजुरी मिळाली, त्यातले ३१ खासगी कंपन्यांनी बनवायचे आहेत. हे काम जुन्या पुरवठादारांच्या खांद्यावर उभं आहे: विक्रोळीतल्या गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटचं विकास इंजिन बनत आलं आहे, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात रॉकेटच्या मोटरची कवचं. सरकारी की खासगी, या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पहिली दोनतीन वर्षं अशा जागी जा जिथे वस्तू तुझ्या हातातून जाऊन खरंच उडेल. पाटी कुणाचीही असो.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घे. उपग्रहाच्या बऱ्याच भागांवर आणि त्यांच्या आराखड्यांवर आपल्या सरकारच्या स्कोमेट या नियंत्रित वस्तूंच्या यादीप्रमाणे निर्यातबंधनं आहेत. परदेशातल्या मित्राला सर्किटची फाइल ईमेलने पाठवणं हीसुद्धा निर्यात ठरू शकते. कंपनीच्या अनुपालन विभागाला लेखी विचारल्याशिवाय काही पाठवू नकोस.

मुलाखतीत शेवटी ‘तुला काही विचारायचं आहे का?’ असं म्हणतील. तेव्हा विचार, की मागच्या थर्मो-व्हॅक चाचणीत काय बिघडलं, आणि दुरुस्तीनंतर चाचणी पहिल्यापासून केली की उरलेली तेवढीच पुरी केली? ‘काहीच बिघडलं नाही’ असं उत्तर आलं तर चाचणीची कमाल आणि किमान तापमानं किती होती तेही विचार. आकडे सांगायला कचरले तर ती नोकरी घेऊ नकोस.

तुझा,
काका