भावाची पहाटेची चादर

प्रश्न : माझ्या २३ वर्षांच्या धाकट्या भावाच्या डोक्यात ‘धातू जाते’, म्हणजे वीर्य जाऊन ताकद संपते, हे खूळ बसलंय. अशक्तपणा, कंबरदुखी, कशात लक्ष नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी शक्तीच्या पुड्या आणतो. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्वतःची चादर धुतो, इतका विचित्र झालाय. हा आजार फक्त आपल्याकडेच आढळतो असं वाचलं. म्हणजे थोतांडच ना? त्याला कसं पटवू?

उत्तर : रिपोर्ट, पुड्या वगैरे मी भराभर वाचलं आणि चादरीपाशी अडकले. विचित्र काय आहे त्यात? डाग कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून धुतो तो. एका घरात राहून एवढंही तुमच्या लक्षात येऊ नये?

‘फक्त आपल्याकडे’ हे अर्धवट वाचन झालं. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं ते इथलेच रुग्ण पाहून, खरं आहे. पण वीर्य गेलं की माणूस खंगतो, असं तिसो नावाच्या स्विस डॉक्टरनेही अठराव्या शतकात पुस्तक लिहून सांगितलं होतं, आणि युरोपातली शिकलीसवरलेली माणसं पुढे कितीतरी वर्षं त्या धाकात जगली. कोरियात वर्षानुवर्षं राग गिळलेल्या बायकांच्या छातीत जाळ उठतो, त्याला ‘ह्वा-ब्युंग’ म्हणतात. त्यांनाही थोतांड म्हणणार?

चाळीस थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब बनतो, ही समजूत साफ चूक आहे. पण तुमचा भाऊ ती खरी मानून रोज रात्री रक्ताचा हिशेब करतोय. त्याची झोप उडणार, गळून जाणार, नाहीतर काय? अशा मुलांना नैराश्य किंवा चिंतेचा आजारही पुष्कळदा असतो.

१९६७ मध्ये सिंगापूरला, लिंग आक्रसून पोटात जातंय या भीतीने शेकडो पुरुष दवाखान्यांत धावले होते. डॉक्टर जाहीरपणे बोलायला लागले, मग ती साथ ओसरली. तुमच्या घरात कोण बोललंय?

तेव्हा पटवणं बंद करा. आज त्याला एकट्याला गाठा आणि सांगा की झोपेत असं तुम्हालाही झालंय. ‘पुरुषांना होतं’ असलं मोघम काही नको, ‘मला’ म्हणा. लाज वाटेल. तो पहाटे एकटाच सोसतोय ती, थोडी तुमच्याही वाट्याला येऊ दे. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा, पण आत त्याला एकट्यालाच बोलू द्या.