साती आसरा मधला 'आसरा' म्हणजे निवारा नव्हे

एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या सासरी, करवीर तालुक्यात, शेतातल्या विहिरीवर साती आसरांचं, म्हणजे पाण्याकाठच्या सात देवींचं, ठाणं आहे, विहिरीचं बांधकाम नव्यानं चाललंय आणि तिथं लावायच्या फरशीवर काय कोरायचं यावरनं घरात दोन मतं पडलीत. सासूबाई म्हणतात आसरा म्हणजे आधार, देवी आसरा देते म्हणून आसरा. फरशीवाला म्हणतोय 'सप्त आश्रयदेवी' असं शुद्ध करून लिहूया. ताईंना प्रश्न पडलाय की बंगल्यावर लिहितात तो 'आसरा' आणि हा 'आसरा' एकच का?

एक नाहीत. आणि हे सिद्ध करायला पुस्तक उघडायची पण गरज नाही, सासूबाईंच्याच तोंडचं बोलणं ऐका. निवाऱ्याचा आसरा हा 'तो' आसरा, त्याला प्रत्यय लागला की घोडा-घोड्याला सारखं 'आसऱ्याला' होतं, पावसात झाडाच्या आसऱ्याला थांबलो असं आपण म्हणतो. विहिरीवरची ती 'ती' आसरा, 'त्या' आसरा, आणि नैवेद्य दाखवताना कुणीही 'आसऱ्यांना दाखवला' म्हणत नाही, 'आसरांना दाखवला' असंच म्हणतात, शाळा-शाळांना सारखं. म्हणजे लिंग वेगळं, चालवायची रीत वेगळी, फक्त कानाला सारखे लागतात एवढंच. निवाऱ्याचा आसरा 'आश्रय' वरनं आलाय, हिंदीतही तो आहे.

मग देवीवाली आसरा कुठनं आली, तर अप्सरा वरनं. हो, तीच इंद्राच्या दरबारातली, रंभा-उर्वशीवाली अप्सरा. ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, पण वाट अगदी सरळ आहे. संस्कृत अप्सरा, पाली-प्राकृतात अच्छरा, आणि प्राकृतातल्या या 'च्छ' चा मराठी सहसा 'स' करते आणि आधीचा स्वर लांबवते. मत्स्य, मच्छ, मासा. वत्स, वच्छ, वासरू. हिंदीवाल्यांनी मछली आणि बछड़ा म्हणत छ ठेवला, आपण स केला. आपल्या कोल्हापूरच्या जिवाभावाचा ऊस सुद्धा इक्षु, उच्छु, ऊस असाच आलाय. सुरुवातीच्या छ चं पण तेच, हिंदीत छुरी आपल्यात सुरी, त्यांची छठी आणि आपली सटवाई या दोघी एकाच षष्ठीच्या. तसंच अच्छरा ची आसरा झाली. तिकडं गढवालात डोंगरावर राहणाऱ्या, माणसाला ओढून नेणाऱ्या देवतांना आछरी म्हणतात, ती याच आसरेची बहीण, तिचा छ शाबूत राहिला.

आता मला सगळ्यात जास्त ज्याचं वाटतं ते सांगतो. बरेच जण म्हणतात की बघा, स्वर्गातली अप्सरा खेड्यात येऊन शेंदूर फासलेला दगड झाली, म्हणजे शब्दाची उतरंड झाली. मला हे अजिबात पटत नाही. उलट आसरांनी अप्सरेचं जुनं रूप राखलंय. अप् म्हणजे पाणी, सृ म्हणजे सरकणं, जाणं, पाण्यात वावरणारी ती अप्सरा, शब्दाची ही फोड सगळ्यात जास्त मानली जाते. अथर्ववेदात समुद्र हे त्यांचं घर सांगितलंय आणि त्याच सूक्तात त्यांना 'मनोमुहः' म्हटलंय, म्हणजे मनाला भुरळ घालणाऱ्या, भान हरपवणाऱ्या, आणि त्यांना नमस्कार केलाय. शतपथ ब्राह्मणात पुरूरवा राजाला त्याची हरवलेली बायको उर्वशी सापडते ती दरबारात नाही, कमळांच्या तळ्यात, सख्यांसोबत पाणपक्षी होऊन पोहत असताना. रामायणाच्या बालकांडात समुद्रमंथनातनं, पाणी घुसळताना निघाल्या म्हणून अप्सरा असं कारण दिलंय, साठ कोटी निघाल्या आणि देव-दानव कुणीच त्यांना बायको म्हणून पत्करलं नाही.

आता माझी आजी काय सांगायची ते बघा. भर दुपारी एकटीनं विहिरीवर जायचं नाही, ओढ्याला ओल्या केसांनी थांबायचं नाही, आसरा लागतात. बाई सैरभैर झाली, उगाच हसायला-रडायला लागली की म्हणायचे 'आसरांचं असंल', आणि मग पाण्याकाठी हळदकुंकू, हिरवा खण, बांगड्या, दहीभात. आजीनं अथर्ववेदाचं नाव पण ऐकलं नव्हतं, पण पाण्यातल्या, भान हरपवणाऱ्या आणि नमस्कार करून शांत करायच्या बायका तिला पक्क्या माहीत होत्या. नाचणारी, ऋषींची तपश्चर्या मोडणारी अप्सरा पुढं काव्यांनी आणि नाटकांनी मोठी केली, पाणी मागं पडलं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर ज्या देखण्या बायका कोरल्यात त्यांना बघायला येणारे सरसकट अप्सरा म्हणतात, मूर्तिशास्त्रात त्यांना सुरसुंदरी म्हणतात, त्या या दरबारी वळणाच्या. त्यांच्यापुढं मी तासन्‌तास उभा राहिलोय, पण कृष्णेच्या त्याच काठावर कुठं सात दगड मांडलेले दिसले की मला शब्दाचं मूळ तिथं दिसतं.

अजून एक गोष्ट, अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 'स्त्रियां बहुष्वप्सरसः' असं दिलंय, म्हणजे हा शब्द स्त्रीलिंगी आणि बहुवचनी चालवायचा. आपल्याकडं पण आसरा कधी एकटी नसते, सात जणी घोळक्यानंच असतात. 'साती' म्हणजे सातही, चारी दिशा मधल्या 'चारी' सारखं. त्या सात आहेत म्हणून काही जण त्यांना सप्तमातृका, म्हणजे सात मातृदेवी, समजतात, आणि काही भागात मावलाया, म्हणजे माउल्या, हे नाव पण असल्यानं हा घोळ वाढतो, पण ब्राह्मी, माहेश्वरी, वाराही, चामुंडा अशी मातृकांना नावं आहेत, वाहनं आहेत, आसरांच्या दगडांना बहुतेक ठिकाणी ना नाव ना चेहरा, आणि पाणी सोडून त्या कुठं जात नाहीत.

तर ताई, 'सप्त आश्रयदेवी' कोरू नका, तो शब्द चुकीच्या मुळावर उभा आहे. 'सप्त अप्सरा' व्युत्पत्तीला बरोबर आहे पण ते पण नको, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं नाचणारी बाई येईल आणि विहीर येणार नाही. फरशीवर 'साती आसरा' एवढंच ठेवा. खाली 'प्रसन्न' लिहायचं असेल तर जरूर लिहा. सासूबाईंना वाईट वाटत असेल तर त्यांना सांगा की अर्थ त्यांनी नंतर लावला असला तरी शब्द त्यांनीच बरोबर सांभाळलाय, 'आसरांना' म्हणायचं त्यांनी एकदाही चुकवलेलं नसणार.