गुहेतली आग आणि बाहेरचा सूर्य

प्रश्न: अकरावीच्या वर्गात प्लेटोच्या गुहेचं चित्र फळ्यावर काढते, तेव्हा मुलं दोन शंका हमखास विचारतात. आग कैद्यांच्या पाठीमागे आहे, तर त्यांची स्वतःची सावलीही समोर पडायला हवी ना? आणि बाहेर सूर्य असताना आत वेगळी आग कशाला?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर: प्लेटोच्या या रूपकात गुहेत जखडलेले कैदी समोरच्या भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं जग मानतात; त्यातला एक सुटून बाहेर सूर्यप्रकाशात जातो. पहिली शंका अगदी रास्त आहे. ‘रिपब्लिक’ या प्लेटोच्या संवादग्रंथाच्या सातव्या भागात सॉक्रेटिस त्याच्याशी बोलणाऱ्या ग्लाउकॉनला हेच सांगतो: कैद्यांना स्वतःचं आणि शेजाऱ्याचं दर्शन फक्त सावलीतूनच होतं. लहानपणापासून पाय आणि मान जखडलेली. मान वळत नाही, तर ती सावली आपली आहे हे कळणार कसं? तेव्हा कैद्यांच्या सावल्या जरूर काढा. त्या गाळल्या तर स्वतःविषयीचं अज्ञान रूपकातून निसटतं.

चित्र बहुधा बिघडतं ते मधल्या बुटक्या भिंतीपाशी. कैदी आणि आग यांच्यामध्ये एक वाट आहे आणि तिच्या कडेने ही भिंत. तिच्याआडून माणसं दगडी-लाकडी पुतळे वर धरून नेतात; प्लेटो स्वतःच तिला बाहुल्यांच्या खेळातल्या आडोशाची उपमा देतो. ती गुडघ्याएवढी काढली, तर वाहणाऱ्या माणसांच्याच सावल्या समोर पडतील. सावल्या पडायला हव्यात त्या माणसा-जनावरांच्या पुतळ्यांच्या. म्हणजे कैदी पाहतो ती नकलेची सावली.

आता आग. सॉक्रेटिस तिचा अर्थ स्वतःच लावून देतो: गुहा म्हणजे डोळ्यांना दिसणारं जग आणि आग म्हणजे आपला रोजचा सूर्य. बाहेरचा सूर्य म्हणजे ‘शिव’ किंवा परममंगल तत्त्व. आग वगळली की ‘आत खोटं, बाहेर खरं’ एवढे दोनच थर उरतात. प्लेटोला चार हवेत, आणि ते सहाव्या भागाच्या शेवटी रेषेच्या दृष्टान्तात येतात.

ती रेषा वर्गात काढून पाहा. ९ सें.मी.ची उभी रेषा घ्या, खालून ३ सें.मी.वर छेदा. मग दोन्ही तुकडे त्याच १:२ प्रमाणात पुन्हा छेदा. खालून १, २, २, ४ असे भाग मिळतील: प्रतिमा, प्रत्यक्ष वस्तू, गणितासारखा गृहीतकांवरचा विचार आणि शुद्ध ज्ञान. मधले दोन भाग सारखे येतात, प्रमाण कोणतंही घ्या. प्लेटो याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मुलांना मात्र ते स्वतः शोधू द्या.

प्रश्न: या सगळ्यात शिक्षण नेमकं कुठे येतं?

उत्तर: मान वळण्यात. आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसं ज्ञान आत ओतता येतं, हे सॉक्रेटिसला मान्य नाही. पाहण्याची शक्ती आहेच, तोंड चुकीच्या दिशेला आहे. आणि डोळ्यांबरोबर सबंध शरीर वळावं लागतं, तसा सबंध आत्मा वळवावा लागतो. त्यासाठी अंकगणित, भूमिती, घनभूमिती, खगोल आणि स्वरशास्त्र. वाद-संवादाचं शास्त्र तिसाव्या वर्षाआधी नाही, कारण कोवळ्या वयात हाती आलं की मुलं त्याचा खेळ करतात आणि पिल्लांसारखी समोरच्याचे लचके तोडतात. तिशीनंतर या शास्त्राचा अभ्यास ५ वर्षं चालतो. मग पुढची १५ वर्षं, पन्नाशीपर्यंत, हे शिकलेल्यांना परत गुहेत उतरून कामं करायची असतात. उजेडातून आलेला माणूस सुरुवातीला अंधारात चाचपडतो आणि कैदी त्याला हसतात. तिथे पाहण्याची सवय त्याला नव्याने करावी लागते.