मॉडेल रेल्वेची मंडळी वाढवायची असतील तर

मुंबईत कुणाला अख्खा लेआउट (रूळ, गाड्या आणि भोवतालचा देखावा असलेली पूर्ण मांडणी) बांधायला सांगू नकोस. वन बीएचकेत तो ठेवणार कुठे? त्यापेक्षा टी-ट्रॅक पद्धतीची एकेक पेटी, म्हणजे वर रूळ बसवलेला लेआउटचा छोटा तुकडा, करायला लाव. एन स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:160 मापाचं मॉडेल, रुळांमधलं अंतर 9 मिमी. साध्या पेटीची लांबी जेमतेम 308 मिमी, त्यामुळे पिशवीत घालून लोकलने दादरला आणता येते (सकाळची चर्चगेट फास्ट सोडून!). टोकाचे रूळ ठरल्या मापात बसवले की कुणाचीही पेटी कुणाच्याही पेटीला जुळते; उंची खालच्या स्क्रूंनी सारखी करायची. मग मधल्या जागेत कुणी परळची चाळ उभारो, कुणी बोरघाट.

नवख्याला डीसीसीवर (रुळांतून डिजिटल संदेश पाठवून इंजिनं चालवायची पद्धत) व्याख्यान नको, सरळ कंट्रोलर हातात दे. आपलं ब्रॉडगेज 1676 मिमी आणि हे रूळ स्टँडर्ड गेजच्या, म्हणजे 1435 मिमीच्या प्रमाणातले, हा वाद जुनी खोडं उकरून काढणारच. तो चहाच्या वेळी होऊ दे.

आणि पावसाळ्यात दमट हवेने रूळ काळवंडतात. माणसं जमायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. इंजिन दर वितीला अडखळलं तर बघायला आलेला पुन्हा फिरकत नाही.