घरच्या व्हर्च्युअल पाइप ऑर्गनला रिव्हर्ब किती ठेवावा?

दहा बाय बाराच्या खोलीत रिव्हर्बचे, म्हणजे सूर सोडल्यावर मागे उरणाऱ्या घुमाऱ्याचे, पाच सेकंद जास्त होतील का, असं तुम्ही विचारलंय. स्पीकरवर वाजवत असाल तर होतील. दोन-अडीचच्या वर जाऊ नका. हेडफोनवर पाचही खपतील, तिथे खोलीचा स्वतःचा आवाज मिसळत नाही.

आमच्या घरात हा वाद सहा वर्षं चाललाय म्हणून लिहितोय.

नाशिकला गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हाऊप्टवेर्क, म्हणजे खऱ्या पाइप ऑर्गनचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारं सॉफ्टवेअर, मांडलं तेव्हा पहिलाच सेट (एका ऑर्गनच्या रेकॉर्डिंगचा संच) घेतला तो एका मोठ्या कॅथेड्रलचा, वेट. प्रत्येक पाइप तिथल्या घुमाऱ्यासकट रेकॉर्ड केलेला, बोट उचललं की सात सेकंद शेपूट. हे दाजींमुळे. लग्नाच्या मंडपात साऊंड लावायचा त्यांचा धंदा, त्यामुळे आवाजातलं फक्त आपल्याला कळतं ही खात्री. "घुमला नाही तर ऑर्गन कसला? पेटीच वाजवायची होती तर एवढे पैसे कशाला घातले?" रात्री एकटा वाजवायचो तेव्हा मलाही पटायचं. शेवटचा कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले सूर, सोडायचा आणि हात मांडीवर ठेवून ऐकत बसायचं, सुखच ते.

डिसेंबरात चर्चची गायक मंडळी नाताळच्या सरावाला घरी आली. आठ जण. पहिल्याच कडव्यात गाडी घसरली. मी कॉर्ड बदलला तरी आधीचा घुमतोच आहे, आल्टोच्या, म्हणजे खालच्या पट्टीत गाणाऱ्या, बायका त्याच्यावर रेंगाळतायत, मी त्यांच्यासाठी थांबतोय, त्या माझ्यासाठी. चौथ्या कडव्यापर्यंत आनंदाचं गाणं मयताचं झालं. त्यात सेटमधले, कॅथेड्रलच्या मागच्या भागात ठेवलेल्या माइकचे चॅनेल दाजींनी वर चढवून ठेवलेले. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पुढच्यापेक्षा २० मीटर मागे असलेल्या माइकवर तो साठेक मिलिसेकंद उशिरा पोचतो. बोट आत्ता, सूर मग. दाजी चहा पीत म्हणाले, "मंडळीच कच्ची आहे." हे मी अजून विसरलेलो नाही.

मग एका रविवारी ते मला पांडवलेण्यांवर घेऊन गेले. १८ नंबरचं लेणं, चैत्यगृह. कमानदार दगडी छत, ना पडदा ना गादी. दाजींनी एक टाळी वाजवली आणि लेणं आपणच कोरल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. नाद छानच होता, नाही कोण म्हणतं? मी स्तूपापाशी गेलो आणि म्हटलं, "आता दारातून आजचे भाजीचे भाव भरभर सांगा." टोमॅटो कळला, पुढचं सगळं कालवण.

तर सेट घेताना ड्राय (घुमाऱ्याशिवाय रेकॉर्ड केलेला) किंवा सेमी-ड्राय (थोडाच घुमारा असलेला) घ्या. घुमारा मागाहून घालता येतो. हाऊप्टवेर्कमध्ये पाचव्या आवृत्तीपासून कन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे खऱ्या जागेचा टिपलेला घुमारा सुराला चढवायची सोय, आहे, फुकटच्या ग्रँडऑर्गमध्येही आहे. वेट सेट मात्र सुकवता येत नाही. रिलीज, म्हणजे बोट उचलल्यानंतरच्या आवाजाची रेकॉर्डिंग, छाटले तर शेपूट तुटल्यासारखं वाटतं, आणि सुरात भिनलेलं चर्च तसंच राहतं. वेटच हवा असेल तर पुढचे-मागचे चॅनेल वेगळे असलेला बघा आणि मागचे खाली ठेवा. आखूड, मध्यम, लांब असे वेगवेगळे रिलीज आहेत ना, तेही बघा. एकच लांब रिलीज असेल तर पट्टी नुसती टिचकवली तरी घुमाऱ्याने भरलेल्या चर्चची शेपूट मागे लागते. मोजमाप एका कॉर्डवर करू नका, तिथे दाजीच जिंकतात. एकाच वेळी चार वेगळ्या ओळी चालतात अशा हलत्या चालीवर करा आणि मधल्या दोन ओळी वेगळ्या ऐकू येतात का ते पाहा.

हो, नुसतं संथ फ्रेंच रोमँटिक संगीत वाजवणार असाल आणि सोबत कुणी गाणार नसेल, तर खुशाल पाच ठेवा. खोलीत गाद्या, पडदे, पुस्तकं भरपूर असतील तरी अर्धा-एक सेकंद वाढवता येईल.

गेल्या नाताळात दाजी जेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी मागच्या चॅनेलचा स्लायडर पुन्हा वर सापडला. फोन केला तर म्हणाले, पोरांचा हात लागला असेल.