दोन खुर्च्यांचं दुकान

प्रश्न: चार वर्षं दुसऱ्याच्या सलूनमध्ये निम्म्या वाट्यावर काम करतोय. स्वतःचं दुकान टाकू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर: टाक बाबा, पण दोनच खुर्च्यांचं. भाडं ठरवण्याआधी नळाला पाणी येतं का बघ. माझे पहिले सहा महिने बादल्या वाहण्यात गेले. सोमवारी सलून बंद, तेव्हा गाळे हिंड. पैशासाठी २०२३ ची पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्यात न्हावीकाम येतं. पहिलं कर्ज तारणाशिवाय १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के. ब्लेड गिऱ्हाइकासमोर फोड, कागदाचा आवाज त्याच्या कानावर पडू दे. कानामागची रेघ घाईत ओढू नकोस. आणि लहान पोरांसाठी खुर्चीच्या हातांवर टाकायची फळी पहिल्या दिवसापासून ठेव. पोरगं रडलं नाही, तर त्याचा बापही तुझ्याकडेच बसेल.