आधी परतीचा हिशेब

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी शीट आधी मोबाईलवर उघडली, रकाने दिसेनात म्हणून मग लॅपटॉपवर. मेहनत घेतली आहेस. मोटरसायकलने नाशिक ते लेह, पुढे नुब्रा आणि पँगाँग, परत नाशिक. 14 दिवस, 60,000 रुपये. पेट्रोल, मुक्काम, जेवण, चेनचा स्प्रे, सगळ्याला जागा. आणि खाली लिहिलंस, "काका, पैसे बसतात, दिवस बसतात, तरी काहीतरी चुकतंय."

चुकतंय ते शेवटच्या ओळीत. जाण्याचा एकेक दिवस तू वेगळा मांडलास, कुठे चहा घ्यायचा तेही लिहिलंस, आणि परतीला एकच ओळ: 'रिटर्न, सेम रूट, 4 दिवस.' लेह ते मनाली 430 किलोमीटर, त्याला दोन दिवस लागतातच. उरलेले साडेअठराशे किलोमीटर दोन दिवसांत कापणार? तेही अंग आंबलेलं असताना, मे-जूनच्या उन्हात ग्वाल्हेर-शिवपुरीवरून? असं कुणी सुचवलं तर तूच त्याला वेड्यात काढशील.

म्हणून आधी परतीचा हिशेब. ऑफिसात हजर व्हायची तारीख सगळ्यात खाली लिही आणि तिथून वर चढत ये. परतीला सहा दिवस. त्यावर दोन दिवस कोरे. कोरे म्हणजे कोरे, तिथे 'जमल्यास त्सो मोरीरी सरोवर' असलं काही लिहायचं नाही. दरड पडली, बर्फ झाला, तुझं डोकं धरलं, तर ते दिवस त्यासाठी. पैशाचंही तेच. घरी यायला लागणारं पेट्रोल, मुक्काम आणि गाडी बंद पडली तर पिकअपमध्ये घालून आणायची रक्कम आधी बाजूला काढ, वेगळ्या खात्यात. जे उरेल ते सहलीचं बजेट.

आता तू म्हणशील, मग 14 दिवसांत लेह बसतच नाही. बरोबर, सगळं रस्त्याने बसत नाही. नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसात जाऊन विचार, दिल्लीपर्यंत गाडी रेल्वेने टाकता येते का. टाकी रिकामी करून द्यावी लागते, आरसीची प्रत लागते, पॅकिंग बाहेर बसलेली माणसं करून देतात. मात्र गाडी तुझ्याच दिवशी पोचेल असं धरू नकोस, तिला आधी रवाना कर. एवढं करूनही जागा कमी पडली तर पँगाँग काढ. जीवावर येईल, माहीत आहे. काढ.

लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी 'खारदुंग ला' ही खिंड ठेवलीस, ते बघून मात्र मी चिडलो. लेह साडेतीन हजार मीटरवर, खारदुंग ला 5,359 मीटरवर. तिथलं प्रशासनच सांगतं की पहिले 48 तास आराम करा. चढताना मनालीकडून गेलीस तर सरचूला झोपावं लागेल, म्हणजे जवळपास 4,300 मीटरवर, लेहपेक्षाही उंच. श्रीनगर-कारगिलवरून चढ, मनालीवरून उतर. फेरा पडतो, पण शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचार, मला नको.

पेट्रोलचा आकडा ठीक आहे. सव्वापाच हजार किलोमीटर, तुझी साडेतीनशे सीसीची गाडी पस्तीसचं अ‍ॅव्हरेज देते म्हणतेस, तरी घाटात तीस धर. लेहहून उतरताना टाकी फुल आणि वर पाच लिटरचा कॅन. मनालीच्या बाजूला तांडीच्या पंपावर 'पुढचा पंप 365 किलोमीटर' अशी पाटी असायची, तू तेच अंतर उलट बाजूने कापणार आहेस. रोख जवळ ठेव. तुझं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालणार नाही, पोस्टपेड करून घे. नाले सकाळी लवकर ओलांड, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

जॅकेट की सर्व्हिसिंग, असं विचारलंस. सर्व्हिसिंग. जॅकेट माझं घेऊन जा. आणि नवी क्लच केबल डिकीत टाकू नकोस, जुन्या केबलला लागूनच ओवून घे, दोन्ही टोकांना टेप लावून ठेव. तुटली की फक्त टोकं जोडायची. थंडीने बोटं वाकत नसताना टाकीखालून केबल ओवत बसणं काय असतं, ते कळण्यासाठी तिथे जायची गरज नाही.

मी मनाली-लेह रस्त्यावरच्या जिस्पावरून परत फिरलो होतो, हे तुला तुझ्या बाबांनी हसत हसत सांगितलं असणार. पुढे रस्ता वाहून गेला होता. कोरे दिवस तिथेच संपले, आणि संपले त्याच्या दुसऱ्या सकाळी रस्ता सुटला. बाकीचे निघाले. मी गाडी वळवली. ते लेहला पोचले, फोटो आले, सुखरूप घरीही आले. आजही कुणाच्या लग्नात भेटले की विषय निघतो. त्यांना काही झालं नाही म्हणून त्यांचा हिशेब बरोबर ठरत नाही, हे मी किती वेळा सांगितलं असेल! त्यांच्याकडे एक दिवस जास्तीचा नव्हता. परतताना एक जरी पंक्चर आडवेळी झालं असतं तर? नशीब म्हणतात त्याला, नियोजन नाही. मी पुढे लेहला गेलोच, पण त्या मंडळींबरोबर जाणं राहिलं ते राहिलंच, आणि त्याचं वाईट वाटतं. वाईट वाटणं वेगळं, चूक वेगळी. तुझ्या बाबांना हे वाचून दाखव.

असो. तुझं पत्र बाजूला राहिलं.

कर्ज काढून नवी गाडी घेऊ का, हा प्रश्न तू शीटच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकलास. हप्ता परतीनंतरही चालू राहतो, तो कुठल्या रकान्यात घातलास? आहे ती गाडी ओळखीची आहे, तिचा आवाज बदलला तर तुला कळतो. तीच ने.

रविवारपर्यंत नवी शीट पाठव, खालून वर लिहिलेली. परतीचे सहा दिवस मुक्कामाच्या गावांसकट. ते नसेल तर मी वरचं काही वाचणार नाही. आणि व्हॉइस नोट नको, रात्री आठनंतर फोन कर.

तुझा,
काका